जाहिरातबंदी कुणाला हवी होती?

जुलै १९६९. अमेरिकेच्या सिनेटच्या एका उपसमितीपुढे फिलिप मॉरिस या कंपनीचे अध्यक्ष जोसेफ कुलमन सिगारेट उद्योगाच्या वतीने साक्ष देत होते. विषय होता रेडिओ आणि टेलिव्हिजनवरील सिगारेटच्या जाहिरातींचा. या जाहिराती बंद व्हाव्यात अशी मागणी जोर धरत होती, तेव्हा कंपन्या त्यांच्या बाजूने जिवाच्या आकांताने लढतील असे कोणालाही वाटेल. कुलमन यांचे म्हणणे मात्र वेगळेच होते. सर्व कंपन्या एकदम थांबणार असतील तर आम्ही या जाहिराती बंद करायला तयार आहोत, सप्टेंबर १९७० पर्यंत त्या पूर्णपणे थांबवू. फक्त आम्ही सर्वांनी मिळून हे ठरवले म्हणून आमच्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला होणार नाही एवढी व्यवस्था करा, असे त्यांचे मागणे होते.

एखाद्या दुकानदाराने नगरपालिकेकडे अर्ज करावा की माझ्या दुकानावरची पाटी उतरवा, पण समोरच्याचीही उतरवा, तसा हा प्रकार होता. ज्या टेलिव्हिजन-जाहिरातींवर या कंपन्या वर्षाला वीस कोटी डॉलरच्या आसपास खर्च करीत होत्या, त्या जाहिराती त्यांना नको होत्या का? नको होत्या तर त्यांनी त्या आपणहून बंद का केल्या नाहीत? आणि कंपन्याच बंदीला राजी असतील तर त्या बंदीने नेमके कोणाचे भले होणार होते?

या कोड्याचा पहिला अर्धा भाग गणिताने चांगला सुटतो. दुसऱ्या अर्ध्यासाठी गणिताच्या थोडे बाहेर पाहावे लागते.

दोन झरे, दोन मालक

दोन विक्रेते एकमेकांकडे पाहून आपली चाल ठरवतात तेव्हा काय घडते, हा प्रश्न गणिताच्या भाषेत प्रथम मांडला ऑंत्वान ऑग्युस्तँ कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने, १८३८ साली. त्याचे उदाहरण साधे होते. खनिज पाण्याचे दोन झरे आहेत आणि दोघांचे मालक वेगळे आहेत. बाजारात जितके जास्त पाणी येईल तितका भाव उतरणार. दुसरा किती पाणी विकेल याचा अंदाज घेऊन पहिला आपले प्रमाण ठरवतो, मग पहिल्याकडे पाहून दुसरा आपले बदलतो. असे होत होत दोघे अशा ठिकाणी येऊन थांबतात की तेथून एकट्याने हलण्यात कोणालाच फायदा नसतो. दोघांनी संगनमत केले असते तर कमी पाणी विकून दोघांनाही जास्त नफा झाला असता. पण एकट्या-एकट्याने विचार करणारे दोघे तिथवर पोचत नाहीत.

कूर्नोचे पुस्तक त्याच्या काळात फारसे कोणी वाचले नाही. पुढे १८८३ मध्ये जोसेफ बर्त्राँ यांनी त्याच्यावर टीका केली की व्यापारी प्रमाण ठरवत नाही, भाव ठरवतो. तसे असेल तर दोघे एकमेकांपेक्षा एकेक पैसा खाली उतरत शेवटी उत्पादनखर्चावर येऊन ठेपतील. दोघांपैकी बरोबर कोण यावर अर्थशास्त्रज्ञ आजही बोलू शकतात. आपल्याला हवी ती गोष्ट दोन्हींत आहे: प्रत्येकजण शहाणपणाने वागतो आणि तरी सगळे मिळून नुकसानीत जातात.

यानंतरचा मोठा टप्पा जॉन फॉन नॉयमन यांचा. १९२८ मध्ये त्यांनी दोन भिडूंच्या अशा खेळांविषयी एक महत्त्वाचे प्रमेय सिद्ध केले, ज्यांत एकाचे जेवढे जाईल तेवढेच दुसऱ्याला मिळते. १९४४ मध्ये त्यांनी ऑस्कर मॉर्गनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेला जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि खेळांचा सिद्धांत, म्हणजे गेम थिअरी, हा स्वतंत्र विषय झाला. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी आणि विमाने कुठे पाठवायची हे ठरवण्यासाठी गणिताचा मोठा वापर झाला होता. युद्ध संपल्यावर ती गणिती हत्यारे धंद्यात आली. १९५८ मध्ये लॉरेन्स फ्रीडमन यांनी एका शोधनिबंधात जाहिरातीसाठी असलेली रक्कम निरनिराळ्या बाजारपेठांत कशी वाटावी, हा प्रश्न प्रतिस्पर्धी भिडूंचा खेळ म्हणून सोडवून दाखवला. लढाई आणि विक्री यांची भाषा तेव्हापासून एकमेकींत मिसळली आहे. 'मोहीम' हा शब्द आपणही दोन्हीकडे वापरतोच.

पण ज्या खेळात एकाचे तेच दुसऱ्याचे, त्यात दोघांनी मिळून काही वाचवण्याचा प्रश्नच येत नाही. सिगारेटच्या कोड्याला दुसऱ्या जातीचा खेळ लागतो.

शंभर डाव

तो खेळ जानेवारी १९५० मध्ये कॅलिफोर्नियातील रँड या संशोधन संस्थेत जन्मला. मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या दोन गणितज्ञांनी तो रचला आणि आपल्या ओळखीच्या दोघांना शंभर वेळा खेळायला लावला. एक होते अर्थशास्त्रज्ञ आर्मेन अल्चियन, दुसरे गणितज्ञ जॉन विल्यम्स. प्रत्येक डावात दोघांनी एकमेकांशी न बोलता एकेक चाल निवडायची होती, सहकार्याची किंवा दग्याची. दगा दिला तर त्या डावापुरता आपला फायदा होई, समोरच्याने काहीही केले तरी. दोघांनीही दगा दिला तर मात्र दोघेही सहकार्यापेक्षा खाली जात.

जॉन नॅश या तरुण गणितज्ञाने त्याच सुमारास समतोलाची जी कल्पना मांडली होती, तिच्याप्रमाणे दोघांनी शंभरही वेळा दगाच द्यायला हवा होता. प्रत्यक्षात शंभरपैकी साठ डावांत दोघांनीही सहकार्य केले. नॅश यांनी यावर लगेच आक्षेप घेतला की एकापाठोपाठ खेळलेले शंभर डाव म्हणजे शंभर सुटे डाव नव्हेत, तो एकच लांबलचक खेळ आहे. आज मी फसवले तर उद्या तू फसवशील, हा हिशेब त्यात असतोच. आक्षेप योग्य होता आणि पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे. त्याच वर्षी नॅश यांचे मार्गदर्शक अल्बर्ट टकर यांनी मानसशास्त्रज्ञांपुढे व्याख्यान देताना या आकड्यांना दोन कैद्यांची गोष्ट जोडली आणि 'कैद्यांचा पेच' हे नाव रूढ झाले. नॅश यांना १९९४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन हरसानी आणि राइनहार्ट झेल्टेन यांच्यासमवेत मिळाले.

आता वहीत चार चौकटी आखा आणि कैद्यांच्या जागी दोन सिगारेट कंपन्या घ्या. आकडे काल्पनिक आहेत. दोघींनीही जाहिरात केली नाही तर प्रत्येकीला ५० रुपये नफा होतो. जाहिरातीला २० रुपये खर्च येतो. एकीनेच जाहिरात केली तर ती दुसरीकडून ३० रुपयांचे गिऱ्हाईक ओढून घेते. म्हणजे जाहिरात करणारीला ५० अधिक ३० वजा २०, असे ६० मिळतात आणि गप्प बसणारीला २० उरतात. दोघींनीही जाहिरात केली तर ओढाताण सारखी होते, गिऱ्हाईक जिथल्या तिथे राहते आणि प्रत्येकीच्या हाती ३० येतात.

पहिल्या कंपनीच्या खुर्चीत बसून पाहा. दुसरी गप्प राहिली तर जाहिरात करण्यात ६०, न करण्यात ५०. दुसरीने जाहिरात केली तर करण्यात ३०, न करण्यात २०. दोन्ही वेळा उत्तर एकच: जाहिरात करा. दुसरीही असाच विचार करते आणि दोघी ३०-३० वर येऊन बसतात. ५०-५० ची चौकट समोर दिसत असते, पण तिथे एकटीला जाता येत नाही. वर्गात दोन गट करून, चिठ्ठ्यांवर उत्तर लिहून घेऊन हा खेळ दहा-वीस डाव खेळवला तर चौथ्या-पाचव्या डावाला वर्गाचा जो आवाज चढतो, तो कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक समजावून जातो. संशोधनाच्या क्षेत्रातही हे नवे नाही. प्रत्येकजण शोधनिबंधांची संख्या वाढवतो, म्हणून सगळ्यांनाच वाढवावी लागते आणि वाचायला कोणालाच वेळ उरत नाही.

भाव जुळला, जाहिरात जुळली नाही

पण नॅश यांचा आक्षेप लक्षात घ्या. कंपन्या एकच डाव खेळून घरी जात नाहीत, त्या वर्षानुवर्षे समोरासमोर असतात. मग हळूहळू त्यांच्यात न बोलता समझोता का होऊ नये?

एका बाबतीत तो झाला होता. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तंबाखूची मोठी मक्तेदार कंपनी फोडून तिच्या अनेक कंपन्या केल्या. १९१३ मध्ये रेनॉल्ड्स कंपनीने कॅमल ही सिगारेट आणली. तिला तोंड द्यायला लकी स्ट्राइक आणि चेस्टरफील्ड पुढे आल्या आणि या तिघींनी बाजार व्यापला. जून १९३१ मध्ये, महामंदीच्या ऐन काळात आणि तंबाखूच्या पानाचा भाव पार कोसळलेला असताना, रेनॉल्ड्सने हजार सिगारेटींचा भाव ६.४० डॉलरवरून ६.८५ डॉलर केला. त्याच दिवशी उरलेल्या दोघींनी तोच भाव केला. गिऱ्हाइकांनी दहा सेंटवाल्या स्वस्त सिगारेटींकडे धाव घेतली आणि दीड वर्षाच्या आत या स्वस्त सिगारेटींनी बाजाराचा पाचव्याहून मोठा हिस्सा काबीज केला. तेव्हा कुठे बड्या कंपन्यांनी भाव उतरवले. या सर्व वर्तणुकीबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कटाबद्दल दोषी ठरवणारा निकाल कायम केला. करारपत्र सापडलेले नसले तरी एकसारख्या वागण्यावरून कट सिद्ध होऊ शकतो, असे न्यायालयाने म्हटले. १९६९ मध्ये कुलमन यांना मक्तेदारीविरोधी कायद्याची एवढी धास्ती का होती, ते यावरून कळेल.

भावाच्या बाबतीत जे जमले ते जाहिरातीच्या बाबतीत का जमले नाही? कारण भाव उघड्यावर असतो. समोरच्याने तो बदलला की दुसऱ्या दिवशी कळते, आणि आपणही बदलून त्याला धडा शिकवू शकतो. दग्याला लगेच शिक्षा होणार असेल तर दग्याचा मोह राहत नाही. जाहिरात मात्र महिनोन्‌महिने बंद दाराआड शिजते. ती बाहेर येते तेव्हा तिला उत्तर तयार नसते, आणि एकदा लोकांच्या मनात बसलेले चित्र कशानेही पुसता येत नाही. मार्लबरो हे याचे ठळक उदाहरण. पूर्वी बायकांची म्हणून विकली जाणारी ही सिगारेट १९५५ च्या सुमारास फिल्टर लावून, घोड्यावरच्या गुराख्याच्या चित्रासह बाजारात आली आणि काही वर्षांत तिची विक्री अनेक पटींनी वाढली. असे घबाड समोरच्याला कधीही लागू शकते, या भीतीने कोणीच जाहिरातीतून हात काढून घेत नाही.

स्पर्धा किती आंधळी होऊ शकते याचा आणखी एक पुरावा याच दशकातला आहे. १९५० मध्ये, म्हणजे रँडमध्ये ते शंभर डाव खेळले गेले त्याच वर्षी, ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी आणि अमेरिकेत अर्न्स्ट विंडर आणि एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध केले. वास्तविक सगळ्या कंपन्यांचे हित यावर मौन पाळण्यात होते. जानेवारी १९५४ मध्ये त्यांनी एकत्र येऊन वर्तमानपत्रांत धूम्रपान करणाऱ्यांना उद्देशून एक निवेदन छापले आणि सिगारेट घातक असल्याचे सिद्ध झालेले नाही असा सूर लावला. पण त्याच कंपन्या जाहिरातींत एकमेकींवर मात करताना आमच्या सिगारेटमध्ये टार कमी, आमचा फिल्टर भारी, असे सांगत सुटल्या. प्रत्येक जाहिरातीचा दुसरा अर्थ असा निघत होता की बाकीच्या सिगारेटी घातक आहेत. केंट या सिगारेटच्या गाजावाजा केलेल्या फिल्टरमध्ये तर १९५२ ते १९५६ या काळात क्रोसिडोलाइट हा ॲस्बेस्टॉसचा प्रकार वापरला होता. आरोग्यरक्षणासाठी म्हणून विकलेल्या वस्तूत कर्करोगकारक तंतू घातले गेले, ही रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक विदारक गोष्ट आहे. ही टारची शर्यतही कंपन्यांना आपणहून थांबवता आली नाही. ती थांबली १९६० मध्ये, केंद्रीय व्यापार आयोगाने सर्वांना एकाच वेळी राजी केले तेव्हा. पंच लागतो, तो असा.

एक वकील आणि तिसरा भिडू

११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि सिगारेटच्या घातकतेवर सरकारी शिक्कामोर्तब झाले. १९६६ पासून पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे झाले. जाहिराती चालूच राहिल्या.

आता या कथेत जॉन बॅन्झाफ हा तरुण वकील येतो. गणिताच्या शिक्षकांना हे नाव दुसऱ्या कारणासाठी ठाऊक असायला हवे. १९६५ मध्ये त्याने मतांच्या वजनावर एक निबंध लिहिला. न्यूयॉर्क राज्यातील नॅसॉ काउंटीच्या मंडळात सहा प्रतिनिधी होते आणि त्यांना लोकसंख्येनुसार ३१, ३१, २८, २१, २ आणि २ अशी मते दिली होती. एकूण ११५, ठराव मंजूर व्हायला ५८. बेरजा करून पाहा. पहिल्या तिघांपैकी कोणतेही दोघे एकत्र आले की ठराव मंजूर होतो. त्यांच्यातला एकच असेल तर बाकीचे तिघे मिळूनही ५८ होत नाहीत. म्हणजे ज्याला २१ मते दिली आहेत त्याच्या मताने कधीच काही बदलत नाही! बैठकीला बसायचे, हात वर करायचा, आणि किंमत शून्य. मताची खरी ताकद मोजण्याची बॅन्झाफची ही रीत आज गेम थिअरीच्या पुस्तकांत त्याच्या नावाने शिकवतात.

याच बॅन्झाफने १९६७ च्या आरंभी केंद्रीय दळणवळण आयोगाकडे तक्रार केली. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नावर दोन्ही बाजूंना संधी द्यावी, असा त्या काळी रेडिओ-टेलिव्हिजन केंद्रांवर नियम होता. सिगारेटची जाहिरात ही एक बाजू असेल तर दुसऱ्या बाजूलाही वेळ मिळाला पाहिजे, असा त्याचा साधा युक्तिवाद होता. आयोगाने तो जूनमध्ये मान्य केला. साधारण तीन सिगारेट-जाहिरातींमागे एक धूम्रपानविरोधी जाहिरात, तीही फुकट, दाखवली जाऊ लागली. १९६८ मध्ये विल्यम टॅलमन हा लोकप्रिय टेलिव्हिजन-नट फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणासन्न असताना अशाच एका जाहिरातीत प्रेक्षकांशी बोलला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला.

आपल्या चार चौकटींच्या तक्त्यावर याचा परिणाम पाहा. आता जाहिरातीचा खर्च २० रुपये राहिला नाही. प्रत्येक तीन जाहिरातींमागे आपल्याच मालाविरुद्ध एक जाहिरात आपण ओढवून घेतो, आणि ती सगळ्या धंद्याचे गिऱ्हाईक कमी करते. तरीही एकट्या कंपनीने थांबण्यात अर्थ नाही, कारण बाकीच्यांच्या जाहिराती चालूच राहणार आणि त्यामागोमाग विरोधी जाहिरातीही. पेच पूर्वीसारखाच, फक्त चटका मोठा. अमेरिकेत दर प्रौढ माणशी सिगारेटींचा वर्षाचा खप १९६७ मध्ये सुमारे ४,२८० होता. १९७० मध्ये तो सुमारे ३,९८५ वर आला.

लेखाच्या आरंभीची साक्ष या पार्श्वभूमीवर वाचली की तिच्यात कोडे राहत नाही. कंपन्या ५०-५० च्या चौकटीत नेऊन सोडणारा पंच शोधत होत्या. काँग्रेसने त्यांना खटल्यापासून सूट दिली नाही, सरळ कायदाच केला. १ एप्रिल १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. बंदी लागू व्हायची तारीख ठरली २ जानेवारी १९७१. १ जानेवारी का नाही? नववर्षदिनाच्या फुटबॉल सामन्यांच्या वेळी शेवटच्या जाहिराती करता याव्यात म्हणून.

या कायद्याविरुद्ध न्यायालयात कोण गेले, हेही पाहण्यासारखे आहे. सिगारेट कंपन्या गेल्या नाहीत, रेडिओ केंद्रे गेली! उत्पन्न त्यांचे बुडत होते. ती हरली. पण न्यायमूर्ती स्केली राइट यांनी १९७१ च्या आपल्या वेगळ्या मतात नोंदवले की हा कायदा म्हणजे तंबाखू उद्योगाचाच मोठा विजय आहे, कारण सिगारेटच्या जाहिरातींबरोबर त्यांना उत्तर देणाऱ्या फुकट जाहिरातींचा हक्कही गेला.

आकडे त्यांच्या बाजूने बोलले. केंद्रीय व्यापार आयोगाच्या नोंदींनुसार १९७० मध्ये कंपन्यांचा जाहिरातीवरचा एकूण खर्च ३६ कोटी डॉलर होता, १९७१ मध्ये तो २५ कोटींवर आला. दर माणशी खप मात्र पुन्हा चढून १९७३ मध्ये सुमारे ४,१५० पर्यंत गेला. वुड्रो एकार्ड या अर्थशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये या बंदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या मते बंदीनंतर बाजारातील हिश्श्यांची उलथापालथ मंदावली आणि कंपन्यांच्या नफ्याचे प्रमाण सुधारले. नव्या कंपनीने आपले नाव लोकांपर्यंत न्यायचे कसे? जुन्यांची नावे तर सर्वांना पाठ होती.

अर्थात ५०-५० च्या चौकटीतला मुक्काम फार टिकला नाही. बंद होते ते फक्त रेडिओ आणि टेलिव्हिजन. मासिके, रस्त्यावरचे फलक, मोफत नमुने, सवलतीची कुपने, खेळांचे प्रायोजकत्व ही सारी मैदाने मोकळी होती. मोटारशर्यतींना विन्स्टन या सिगारेटचे नाव मिळाले, महिलांच्या टेनिसला व्हर्जिनिया स्लिम्सचे. ज्या टेलिव्हिजनवर जाहिरात निषिद्ध होती, त्याच टेलिव्हिजनवर शर्यतीचे प्रक्षेपण होताना विन्स्टनचे नाव तासन्‌तास दिसू लागले. १९८० पर्यंत जाहिरात आणि विक्रीवाढीचा खर्च १२४ कोटी डॉलरवर पोचला. महागाई वजा केली तरी ही वाढ मोठी आहे. मैदान बदलले आणि पेच नव्या मैदानात जसाच्या तसा उभा राहिला.

यावरून जाहिरातबंदी निरुपयोगी असते असा निष्कर्ष काढणारेही आहेत, आणि तो काढायला कंपन्या उत्सुक होत्याच. मला तो चुकीचा वाटतो. हेन्री सॅफर आणि फ्रँक चालूप्का या दोघांनी २००० मध्ये २२ विकसित देशांतील १९७० ते १९९२ या काळातील आकडेवारी तपासली. एखाद्या-दुसऱ्या माध्यमापुरत्या बंदीचा खपावर जवळजवळ परिणाम होत नाही, खर्च फक्त दुसऱ्या माध्यमाकडे वळतो. सर्व माध्यमांवर एकदम बंदी आली तर मात्र खप घटतो, असे त्यांना आढळले. पळायला जागा ठेवली की पळतात, एवढाच याचा अर्थ.

आपण काढलेल्या तक्त्यात आणखी एक गोष्ट आधीच गृहीत धरली होती. जाहिरातीने गिऱ्हाईक फक्त एकीकडून दुसरीकडे जाते, नवे कोणी येत नाही, हे ते गृहीत. कंपन्या अनेक वर्षे जाहीरपणे हेच सांगत आल्या: आम्ही फक्त ओढणाऱ्याला आमची सिगारेट ओढायला सांगतो. पण जुने ओढणारे मरतात किंवा सोडतात, आणि नवे ओढणारे बहुतेक सारे शाळा-कॉलेजच्या वयात सुरुवात करतात. तक्त्यात कंपन्यांच्या नफ्याचे आकडे आहेत, त्या मुलांसाठी रकानाच नाही. नॅसॉ काउंटीतल्या त्या २१ मतांच्या सभासदाला निदान खुर्ची तरी होती. बॅन्झाफने फुकट जाहिरातींच्या रूपाने या तिसऱ्या भिडूच्या हाती एक चाल दिली होती, आणि १९७१ च्या बंदीत ती परत घेतली गेली. तीन भिडू आणि प्रत्येकाला दोन चाली असल्या की चौकटी चारच्या आठ होतात. गणित फार अवघड होत नाही. पण त्या तिसऱ्या रकान्यात कोणते आकडे लिहायचे, हे गणित सांगत नाही.

भारतात ही गोष्ट थोड्या वेगळ्या क्रमाने घडली. १९९६ ची क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा ज्यांनी पाहिली त्यांना तिचे अधिकृत नाव विल्स वर्ल्ड कप होते हे आठवत असेल. भारतीय संघाच्या शर्टांवरही ते नाव झळकत असे. सर्वंकष बंदीचा कायदा येणार हे दिसू लागल्यावर २००१ मध्ये आयटीसी कंपनीने खेळांच्या प्रायोजकत्वातून माघार घेतली. २००३ चा सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थ कायदा मे २००४ पासून लागू झाला, आणि तो अमेरिकेच्या १९७१ च्या बंदीपेक्षा बराच रुंद आहे: छापील, दृश्य, श्राव्य, प्रायोजकत्व, सारे त्यात येते. तरी पळवाटा निघाल्याच. एखाद्या तंबाखूच्या पदार्थाचे नाव, रंग आणि अक्षरे तशीच ठेवून त्याच नावाची वेलची किंवा पानमसाला जाहिरातीत दाखवायचा, ही त्यातली सगळ्यांत ओळखीची. एकाने केले की दुसऱ्याला करावे लागते, हे आता वेगळे सांगायला नको.

कायद्यानेच ठेवलेली एक फट तंबाखू विकणाऱ्या दुकानांपाशी आहे. तिथे कोणत्या प्रकारचा तंबाखूजन्य पदार्थ मिळतो हे सांगणारी पाटी लावता येते. नियमानुसार तिचे माप ६० सेंटिमीटर बाय ४५ सेंटिमीटरपेक्षा मोठे नसावे आणि तिच्यावर आरोग्याचा इशारा असावा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, तंबाखूजन्य पदार्थ विकायलाच मनाई आहे. आठवी-नववीच्या मुलांना एक मोजपट्टी, वही आणि एक तास दिला तर आपल्या शाळेभोवतीचा नकाशा ती सहज काढू शकतील. अंतरे आणि पाट्यांची मापे मांडून झाली की चार चौकटींचा खेळ त्यानंतरच्या तासाला घ्यावा.